अदृश्य किरणांचे निळे छायाचित्र

संपादक महोदय,

प्रकाशाने डायलिसिसचा फिस्टुला टिकतो, ही कालची बातमी डायलिसिसच्या खाटेवरच वाचली. फिस्टुला म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी हातातली धमनी शिरेला जोडून केलेली वाट. छायाचित्रात रुग्णाच्या हातावर निळाशार झोत! अहो, हे किरण अवरक्त. डोळ्यांना दिसत नाहीत, ऊब तेवढी जाणवते. आणि ‘नवा शोध’ कसला? तैवानमधला १४५ रुग्णांवरचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीनदा, ४० मिनिटे हातावर दिवा, असे वर्षभर. दिवा मिळालेल्यांच्या फिस्टुलातला रक्तप्रवाह वाढला, तो बंद पडण्याचे प्रमाण घटले. उत्तमच. दिवा आणा, मी आनंदाने हात पुढे करतो.

माझा पहिला फिस्टुला मात्र काही प्रकाशावाचून गेला नाही. तापासाठी दाखल होतो. रात्री सिस्टर आल्या आणि बीपीचा पट्टा थेट डाव्या दंडाला गुंडाळला. म्हटले, ‘‘सिस्टर, हा फिस्टुलाचा हात आहे.’’ ‘‘काका, दोनच मिनिटं!’’ त्या दोन मिनिटांनंतर पट्टा काढायचे त्या विसरल्या; रात्रभर थोड्या थोड्या वेळाने तोच हात आवळला गेला. पहाटे सवयीने मनगट कानाशी नेले, तर फिस्टुलातून रक्त वाहण्याची रोजची घरघर नाही. डॉक्टर म्हणाले, तापात बीपी उतरले होते, त्यानेही गुठळी होते. असेल. पण मानेत डायलिसिसची नळी (कॅथेटर) घेऊन पुढचे तीन महिने मी काढले, पट्ट्याने नव्हे. अंघोळीचीसुद्धा चोरी. मग उजव्या हातात नवा फिस्टुला, तो सुया टोचण्याजोगा होईपर्यंत वाट पाहणे आलेच.

फिस्टुलाच्या हाताला बीपीचा पट्टा नको, सलाइन नको, रक्तही त्यातून काढायचे नाही. एवढे एक वाक्य त्या निळ्या चित्राच्या जागी चौकटीत छापले असते, तर मी ते कापून दंडाला चिकटवले असते. सांगून कोणी ऐकत नाही, छापलेले कदाचित वाचतील.

जाता जाता आणखी एक. शब्दकोड्याचे चौकोन आपण गेल्या महिन्यापासून बारीक केलेत. सुया टोचलेला उजवा हात चार तास हलवायचा नसतो, म्हणून मी कोडे डाव्या हाताने सोडवतो. माझे डावखुरे ‘क्ष’ त्या चौकोनात मावत नाही.

आपला,
एक डायलिसिस रुग्ण