दारावर पाटी असताना टकटक का होते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हॉटेलच्या खोलीबाहेर ‘डू नॉट डिस्टर्ब’ची पाटी लटकत असताना सकाळी नऊला दार वाजते, ही तक्रार गोव्यात कांदोळी-कळंगुटपासून कोलवा-बाणावलीपर्यंत दर हंगामात कानावर येते. पाहुणा रूम बॉयवर चिडतो, मॅनेजर माफी मागतो आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीत तेच घडते. आम्ही हाउसकीपिंगच्या कामातली माणसे आहोत. आमचे म्हणणे असे, की दार वाजवणाऱ्या मुलाचा यात बहुतेक वेळा दोष नसतो. त्याला दार वाजवल्यावाचून गत्यंतरच राहू नये, अशी त्याच्या दिवसाची आखणी केलेली असते. ती आखणी बदलल्याशिवाय पाटीला किंमत येणार नाही.

सकाळच्या शिफ्टचा हिशेब पाहा. मुलगा सात वाजता येतो. सूचना ऐकणे, ट्रॉली भरणे, चादरी-टॉवेल मोजून घेणे यात अर्धा तास जातो. हातात चौदा खोल्यांचा कागद असतो. त्यातल्या सहा चेकआउटच्या असतील तर प्रत्येकी ४० मिनिटे, म्हणजे २४० मिनिटे. उरलेल्या आठ राहत्या खोल्यांना प्रत्येकी २० मिनिटे, म्हणजे १६०. एकूण ४०० मिनिटे झाली. चार वाजता शिफ्ट संपते. जेवणाचा तास आणि सुरुवातीचा अर्धा तास वजा केला की हातात ४५० मिनिटे उरतात. म्हणजे दिवसभरात शिल्लक काय, तर ५० मिनिटे. कुठे वाळूने तुंबलेली मोरी, कुठे गादीवर सांडलेली वाइन निघाली की तीही संपली. पाटी लावलेल्या दोन खोल्या साडेतीनला उघडल्या, तर त्या कोणी करायच्या? दुपारच्या शिफ्टला माणसे निम्मी असतात आणि न झालेल्या खोलीचा जाब सकाळच्याच मुलाला विचारला जातो. मग तो साडेनऊला ‘एकदा विचारून तरी बघू’ म्हणून दार ठोठावतो. हंगामात चौदाच्या सोळा खोल्या झाल्या, की हे विचारणे जवळजवळ सक्तीचे होते.

दुसरे कारण पाहुण्यांना कधी कळत नाही. ते म्हणजे रूम रिपोर्ट. प्रत्येक मजल्यावरची कोणती खोली भरलेली, कोणती रिकामी, कुठे सामान आहे पण बिछाना वापरलेला नाही, हे सकाळी तपासून ऑफिसात कळवायचे असते. रिसेप्शनच्या यादीशी ते ताडून पाहतात, कारण यादीत रिकामी दिसणारी खोली प्रत्यक्षात भरलेली निघाली तर पुढचा पाहुणा थेट कोणाच्या तरी अंथरुणाशी जाऊन उभा राहील. काम महत्त्वाचे आहे. पण हा रकाना भरण्यासाठी पाटी असलेले दार वाजवणे चुकीचे आहे. पाटी दिसली की त्या रकान्यात ‘डीएनडी’ (‘डू नॉट डिस्टर्ब’चे लघुरूप) आणि वेळ लिहायची, दाराला हात न लावता पुढे जायचे. ‘डीएनडी’ हे पुरेसे उत्तर आहे, हे सुपरवायझरने मान्य केले पाहिजे. तो जर ‘पण आत माणूस आहे की नाही ते सांग’ म्हणाला, तर मुलगा परत जाऊन ठोठावणारच.

गोव्यात तर हे जास्तच जपायला हवे. दाबोळीला आणि जानेवारी २०२३ पासून मोपालाही मध्यरात्री, पहाटे विमाने उतरतात. पाहुणा खोलीत पोचेपर्यंत तीन-चार वाजतात. मांडवीतल्या कॅसिनोवरून परतणारे पहाटे येतात, लग्नाची वऱ्हाडे त्याहून उशिरा झोपतात. सकाळी नऊ ही यांची मध्यरात्र असते. रात्री दोननंतर आलेल्या खोल्यांची यादी नाइट मॅनेजरने सकाळी सातच्या आत हाउसकीपिंगला दिली आणि त्या खोल्या प्रत्येकाच्या कागदावर सर्वांत शेवटी टाकल्या, तर पाटी लावायला विसरलेल्या पाहुण्याचीही झोप वाचते. याला एक पैसा खर्च नाही.

पाटी हाउसकीपिंगने पाळली तरी बाकीची खाती उरतातच. मिनीबार मोजायला येणारा वेगळा, धुलाईचे कपडे आणणारा वेगळा, एसीचा मेकॅनिक वेगळा, रात्रीच्या जेवणाचा ट्रे न्यायला येणारा वेगळा, संध्याकाळी सहानंतर बिछाना लावायला येणारा आणखी वेगळा. शिवाय चेकआउटच्या दिवशी रिसेप्शनचा फोन. दारावरची पाटी फोन थांबवत नाही, त्यासाठी ऑपरेटरला वेगळे सांगावे लागते, हे पाहुण्याला कोणी सांगत नाही. उपाय एकच: डीएनडीची नोंद एकाच ठिकाणी, हाउसकीपिंगच्या कंट्रोल डेस्कवर. कोणत्याही खात्याच्या माणसाने मजल्यावर जाण्यापूर्वी तिथे खोली क्रमांक विचारायचा. कपडे तयार असतील तर खोलीच्या फोनवर निरोप ठेवायचा, दाराच्या मुठीला पिशवी अडकवून यायचे नाही. आणि झालेल्या त्रासाबद्दल फळांची टोपली पाठवायची असेल, तर ती घेऊन पुन्हा त्याच दारावर जाऊ नये. पाहुणा खाली येईल तेव्हा द्यावी.

आता खुद्द पाटीबद्दल. बहुतेक हॉटेलांत एकच पुठ्ठा दोन्ही बाजूंनी छापलेला असतो: एकीकडे ‘त्रास देऊ नका’, दुसरीकडे ‘खोली साफ करा’. समुद्राकडे उघड्या असलेल्या व्हरांड्यात वारा ही पाटी सहज उलटवतो आणि मुलगा प्रामाणिकपणे दार वाजवतो. पावसाळी दमटपणाने पुठ्ठा मऊ पडतो, मुठीभोवती अडकणारी अर्धगोल खाच फाकते आणि दार जरा जोरात लागले की पाटी खाली. सकाळी झाडणारा ती उचलून ट्रॉलीवर ठेवतो. म्हणून दोन वेगळ्या पाट्या हव्यात, एक लाल, एक हिरवी, दोन्ही बाजूंना तोच मजकूर. पुठ्ठ्याऐवजी दोन मिलिमीटर जाडीचे प्लास्टिक घ्यावे, अर्धगोल खाचेऐवजी पूर्ण गोल भोक ठेवून त्याला एक तिरकी चीर द्यावी, म्हणजे पाटी सरळ मुठीवरूनही घसरत नाही. मजल्यावर काम करणारी मुले ओडिशा, झारखंड, आसाम, कर्नाटकातून आलेली असतात, सगळ्यांना इंग्रजी वाचता येतेच असे नाही. लाल रंग आणि झोपलेल्या माणसाचे चित्र सर्वांना कळते.

विजेवर चालणारी पाटी असली, म्हणजे आत बटण आणि दाराबाहेर लाल दिवा, तर काम सोपे होते, कारण त्याच बटणाने बेलही बंद होते. पण जोडणी पाहून घ्यावी. कीकार्ड ठेवायच्या खाचेतूनच या दिव्याला वीज दिलेली असेल, तर जोडीतला एकजण कार्ड काढून नाश्त्याला गेला की आत झोपलेल्याचा लाल दिवा विझतो आणि बेल चालू होते. या दिव्याची लाइन खाचेला वळसा घालून स्वतंत्र असली पाहिजे. वीज जाऊन आल्यावर काही पॅनेल आपोआप ‘बंद’वर येतात. तुमचे पॅनेल तसे आहे का, हे इलेक्ट्रिशियनने मेन स्विच पाडून तपासावे. आणि खोली तयार करताना मुलाने बटण दाबून, बाहेर जाऊन दिवा पाहावा. दहा सेकंदांचे काम, पण बल्ब गेलेला आहे हे पाहुण्याच्या आधी आपल्याला कळते.

कुलपाची खूणही पाहायला शिकवावे. आतून डबल लॉक लावले असेल तर मुलाच्या कार्डाने दार उघडत नाही. बऱ्याच कुलपांत तसा दिवा लागतो, जुन्या कुलपांत बाहेरच्या बाजूला लाल ठिपका दिसतो. लाल ठिपका दिसला तर पाटी नसली तरी पाटी आहे असेच समजावे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पाटी लावली म्हणून कितीही दिवस दार उघडायचेच नाही, असे कोणतेही जबाबदार हॉटेल करू शकत नाही. आत कोणी आजारी पडलेले असते, न्हाणीघरात पडलेले असते. जुलैत एसी बंद करून ओले टॉवेल आत ठेवले तर दोन दिवसांत गादीला बुरशीचा वास धरतो, एसीची नळी तुंबली तर खालच्या खोलीचे छत भिजते. लास वेगासमध्ये १ ऑक्टोबर २०१७ रोजी एका हॉटेलच्या ३२व्या मजल्यावरून गोळीबार झाला. हल्लेखोराने शस्त्रे खोलीतच साठवली होती आणि दारावर अशीच पाटी होती. त्यानंतर अनेक मोठ्या हॉटेल समूहांनी पाटीला काळाची मर्यादा घातली. मर्यादा असावी, याबद्दल आमचा वाद नाही. ती पाटीवरच छापलेली असावी आणि तपासणीची रीत ठरलेली असावी.

ती रीत अशी. सकाळी पाटी दिसली तर वेळेची नोंद. दुपारी दोनला सुपरवायझर खोलीत फोन करील, सहा रिंगपर्यंत. पाहुण्याने उचलला तर एवढेच विचारायचे, की खोली किती वाजता करू, की नुसते टॉवेल आणि पाणी दाराशी ठेवू. फोन उचलला नाही तर दाराखालून चिठ्ठी सरकवायची. साडेतीनला दुसरा फोन. त्यालाही उत्तर नाही, तर त्या दिवशी खोली ‘सेवा न दिलेली’ म्हणून नोंदवून दुपारच्या शिफ्टकडे द्यायची. दाराची कडी वाजवायची नाही. पाटीला २४ तास झाले आणि एकाही फोनला उत्तर आले नाही, किंवा आतून पाणी, धूर, कण्हणे असे काही जाणवले, तरच दार उघडायचे. तेव्हा ड्युटी मॅनेजर आणि सुरक्षारक्षक दोघे हजर हवेत, खोलीत महिला असेल तर एक महिला कर्मचारी हवीच. एकट्या रूम बॉयला कधीही आत पाठवू नये, त्यात पाहुण्याइतकाच धोका त्या मुलाला आहे. दार बोटाच्या पेराने वाजवायचे, किल्लीने किंवा कार्डाने नाही. ‘हाउसकीपिंग’ असे स्पष्ट म्हणून १५ सेकंद थांबायचे. असे तीनदा. मग दार वीतभरच उघडून पुन्हा आवाज द्यायचा. घाईत नेमकी हीच पायरी सुटते: मुलगा एका हाताने ठोठावतो आणि दुसऱ्या हाताने तेव्हाच कार्ड लावतो. पाहुणा ‘थांबा’ म्हणेपर्यंत दार अर्धे उघडलेले असते. ड्युटी मॅनेजरच्या वहीत उघडल्याची वेळ, कोण होते आणि कारण लिहायचे.

हणजूण, आसगाव, साळगावच्या व्हिला आणि जुन्या घरांतले गेस्ट हाउस यांचा प्रश्न वेगळा आहे. तिथे पुढच्या दारावर पाटी लावून उपयोग नसतो, कारण माणसे मागून येतात. स्विमिंग पूल साफ करणारा सकाळी सातला जाळी घेऊन झोपायच्या खोलीच्या काचेसमोर उभा असतो, माळी खिडकीखाली पाणी घालतो, पंप सुरू करणारा न्हाणीघराच्या मागून जातो. यातल्या एकालाही पाटी दिसलेली नसते. इथे पाहुणा आला की पूल, बाग आणि झाडलोट यांच्या वेळा त्याला विचारून स्वयंपाकघरातल्या फळ्यावर लिहाव्यात आणि केअरटेकरने त्या बाकीच्यांना फोनवर कळवाव्यात. पूल रोज साफ करावाच लागतो, पण तो सातलाच करावा असे नाही. दारांना आतून नीट बसणारी कडी हवी. पावसात लाकूड फुगून कडी खाचेत उतरत नाही, म्हणून जूनमध्ये ती घासून घ्यावी.

पाहुण्यांनाही थोडे सांगायचे आहे. बाहेर जाताना पाटी काढा, नाही तर रिकामी खोली दिवसभर तशीच राहते. झोपताना डबल लॉक लावा, ऑपरेटरला फोन रोखायला सांगा, उशिरा उठणार असाल तर रिसेप्शनला वेळ कळवा. तरीही कोणी आत शिरले, तर पाटीचा दारासकट फोटो काढा आणि ड्युटी मॅनेजरकडे कुलपाची नोंद मागा. इलेक्ट्रॉनिक कुलपात कोणते कार्ड किती वाजता लागले हे साठवलेले असते. नव्या नोंदी आल्या की जुन्या पुसल्या जातात, म्हणून त्याच दिवशी मागा, आणि तोंडी नव्हे तर ईमेलने. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले आहे. हॉटेलशी भांडताना मात्र हाताशी येतो तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. सेवेतील त्रुटी म्हणून जिल्हा आयोगाकडे जाता येते, त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. मजल्यावरच्या मुलावर ओरडू नका. कागदावर सोळा खोल्या लिहिणारा खाली ऑफिसात बसलेला असतो.

ऑक्टोबरमध्ये हंगाम सुरू होण्याआधी हॉटेलमालकांनी दोन गोष्टी केल्या तरी पुष्कळ होईल. पाटी असलेली खोली मुलाच्या कोट्यातून कमी धरावी आणि उशिरा उघडणाऱ्या खोल्यांसाठी दुपारी दोन ते रात्री आठ असा एक माणूस वेगळा ठेवावा. दाराखालून सरकवायची चिठ्ठी तळहाताएवढी, ठळक अक्षरांत, इंग्रजी आणि हिंदीसोबत मराठी-कोंकणीतही असावी. मराठी मजकूर आम्ही असा सुचवतो: ‘आपण पाटी लावल्यामुळे आज दुपारी ... वाजेपर्यंत आम्ही खोलीत आलो नाही. सफाई, टॉवेल किंवा पाणी हवे असल्यास ... या क्रमांकावर कळवावे. उद्या ... वाजेपर्यंत आपल्याशी बोलणे झाले नाही, तर आपण सुखरूप आहात ना हे पाहण्यासाठी ड्युटी मॅनेजर स्वतः येतील.’

आपले नम्र,
हॉटेल हाउसकीपिंगमधील काही कर्मचारी, बार्देश