हॉकमॉथच्या यादीत नावापुढे पुरावा हवा

मा. संपादक,
स. न.

पावसाच्या तोंडावर ठिकठिकाणी पांढरा पडदा आणि दिवा लावून पतंग पाहण्याचे कार्यक्रम होतात. मग ‘अमुक तालुक्यात हॉकमॉथच्या इतक्या जाती’ अशी बातमी दैनिकांत येते. हॉकमॉथ म्हणजे जाड अंगाचे, वेगाने उडणारे पतंग. लोक रात्र जागून पतंग पाहतात, हे फार मोलाचे आहे. पण त्या आकड्यात प्रत्येक जातीमागे काय पुरावा आहे, हे सहसा लिहिलेले नसते. हीच नावे पुढे राज्याच्या आणि देशाच्या सूचीत जातात, म्हणून हे पत्र.

जगात हॉकमॉथच्या साधारण दीड हजार जाती आहेत, भारतात दोनशेच्या वर. आपल्याकडची सविस्तर सूची बेल आणि स्कॉट यांनी १९३७ साली प्रसिद्ध केली. वनखात्यातले बेल निवृत्तीनंतर कारवारलाच राहिले. गोव्याला लागून असलेल्या त्या जंगलात त्यांनी अळ्या शोधून घरी वाढवल्या. कोणती अळी कोणत्या झाडावर, तिच्या रंगाच्या तऱ्हा किती, ती कोष कुठे करते, हे सगळे नोंदले. ते काम आजही आधाराला घ्यावे लागते ते याचमुळे. त्यातली नावे मात्र जशीच्या तशी उचलू नयेत. तिथे ‘सेलेरिओ’ हे एका प्रजातीचे, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचे (genus) नाव आहे, तिला आज हायलीस (Hyles) म्हणतात. हिप्पोटिऑन सेलेरिओ ही मात्र हिप्पोटिऑन या दुसऱ्या प्रजातीतली निराळीच जाती. संगणकावर नुसता ‘सेलेरिओ’ शब्द शोधून जुन्या-नव्या नोंदी एकत्र केल्या, की दोन वेगळे पतंग एका ओळीत येऊन बसतात.

सगळ्यात जास्त घोटाळा छायाचित्रावरून होतो. बसलेला हॉकमॉथ मागचे पंख झाकून घेतो आणि ओळखीची खूण बरेचदा तिथेच असते. मॅक्रोग्लॉसम या प्रजातीतल्या जाती वेगळ्या करायच्या तर मागच्या पंखावरचा पिवळा पट्टा, पंखांची खालची बाजू आणि पोटाच्या कडेचे ठिपके पाहावेच लागतात. हिप्पोटिऑन रोझेटा आणि हिप्पोटिऑन बोएरहाविए या दोघांत तर बाहेरून खात्री देता येत नाही. नराची जननेंद्रिये सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागतात, नाहीतर डीएनए पाहावा लागतो. अशा वेळी ‘हिप्पोटिऑन, जाती अनिश्चित’ असे लिहिणे हीच प्रामाणिक नोंद. चुकीचे नाव एकदा छापले, की ते पुढच्या दहा याद्यांत उतरते.

दिव्याबद्दल थोडे. १६० वॅटचा मर्क्युरी बल्ब चांगला, पण तापलेल्या काचेवर पावसाचा एक थेंब पडला तरी तो तडकतो. वर छत्री किंवा ताडपत्री हवीच. जनित्र नसेल तर बॅटरीवर चालणारी अतिनील नळी चालते. तिच्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये. अमावास्येच्या आसपासची ढगाळ, दमट, वारा पडलेली रात्र निवडावी. पुष्कळ जाती मध्यरात्रीनंतर येतात, म्हणून अकराला पडदा गुंडाळणाऱ्यांची यादी अपुरीच राहते. पतंग पडद्यावरच बसतील असेही नाही; भोवतालच्या दहा-पंधरा फुटांतले गवत, भिंती, झाडांची खोडे पाहावीत. उजाडण्यापूर्वी दिवा बंद करून पडदा हलकेच झटकावा, नाहीतर कोतवाल आणि इतर पक्षी पहाटे सगळे टिपून नेतात.

तरीही एकटा दिवा पुरत नाही. मॅक्रोग्लॉसम आणि पारदर्शक पंखांचा सेफोनोडिस हायलस दिवसा उडतात. त्यांच्यासाठी सकाळ-संध्याकाळ घाणेरी आणि एक्झोरा यांच्या फुलांपाशी उभे राहावे लागते. पाठीवर कवटीसारखी खूण असलेला अकेरॉन्शिया फुलांवर जात नाही. त्याची सोंड आखूड नि जाड, तो पोळ्यात शिरून मध पितो. त्याची माहिती मधपाळांकडे मिळते.

खरे घबाड अळ्यांत आहे. झाडाखाली खोबणी असलेल्या जाड लेंड्या दिसल्या, की वर पाहावे. तिळावर अकेरॉन्शिया, रताळ्याच्या वेलावर अग्रियस, कण्हेर आणि तगरीवर डॅफ्निस नेरी, करवंदीवर नेफेले, अळूवर थेरेट्रा, अनंतावर सेफोनोडिस. अळी सापडली त्याच झाडाचा पाला रोज ताजा द्यावा, ओला मात्र नको. ती खाणे सोडून काळपट पडली आणि सैरभैर फिरू लागली, की चार-सहा इंच जेमतेम ओलसर माती आणि वर सुका पाचोळा घातलेल्या डब्यात सोडावी. काही जाती मातीत शिरतात, काही पाचोळ्यातच कोष करतात. माती फार ओली झाली तर कोषाला बुरशी येते, फार सुकली तर पतंगाचे पंख नीट उलगडत नाहीत. बाहेर आलेल्या पतंगाला वर चढून लटकायला खडबडीत काटकी हवी. कोषातून पतंगाऐवजी माशी किंवा गांधीलमाशी निघाली तर तीही टाकू नये. कोणत्या अळीतून आली हे लिहून ठेवावे, ती स्वतंत्र नोंद आहे.

नमुना ठेवायचाच तर संरक्षित क्षेत्रात वनखात्याची लेखी परवानगी आधी घ्यावी. एक पाय ९५ टक्के अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवला, तर पुढे डीएनए तपासता येतो. चिठ्ठीवर गाव, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, वेळ आणि दिव्याचा प्रकार हवा. नुसते ‘आंबोली’ लिहून भागत नाही, कारण घाटमाथा आणि पायथा यांतल्या जाती सारख्या नसतात. मोठ्या हॉकमॉथच्या पोटातली चरबी काही महिन्यांत पंखांवर पसरून खुणा पुसते, म्हणून पोट वेळीच रिकामे करावे.

आपल्या दैनिकास विनंती एवढीच, की अशी यादी छापताना प्रत्येक नावापुढे एक अक्षर छापावे: ‘छ’ म्हणजे फक्त छायाचित्र, ‘न’ म्हणजे जतन केलेला नमुना, ‘अ’ म्हणजे अळीपासून वाढवलेला. नमुने कोणत्या महाविद्यालयात किंवा संग्रहालयात ठेवले आहेत, तेही एका ओळीत द्यावे.

आपला,
एक पतंग-निरीक्षक, सावंतवाडी