चेनसॉ हार्नेसला अडकवण्याविषयी मित्रास पत्र

ब्रिस्टल, इंग्लंड

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतची छायाचित्रे मिळाली. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोलीच्या बाजूला घरांवर कललेली आणि अर्धवट मोडून लोंबकळणारी झाडे उतरवण्याचे काम तू हाती घेतलेस, तेव्हा ते एका पावसाळ्यापुरते असेल असे मला वाटले होते. आता नवा हार्नेस (अंगाला बांधायचा चढाईचा पट्टा), टॉप हँडलची, म्हणजे वरच्या अंगाला मूठ असलेली चेनसॉ आणि चढणारे दोन तरुण पाहून हा तुझा व्यवसायच झाला हे दिसते, आणि त्याचा मला आनंद आहे. मात्र तू एकच प्रश्न विचारला आहेस आणि त्याचे उत्तर दोन ओळींत देण्यासारखे नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

छायाचित्रात दिसते त्याप्रमाणे तू चढाईच्या दोराचा उरलेला तुकडा घेऊन त्याचे एक टोक चेनसॉच्या पुढच्या मुठीला बांधले आहेस, आणि दुसरे हार्नेसच्या बाजूच्या मोठ्या धातूच्या कडीला. हा दोर पुरेसा मजबूत आहे का, की आणखी जाड घ्यावा, असे तू विचारतोस. तो दोर गरजेपेक्षा कितीतरी अधिक मजबूत आहे आणि खरा धोका त्यातच आहे, हे माझे उत्तर. चेनसॉ आणि माणूस यांच्यामध्ये असणाऱ्या पट्ट्याकडून आपल्याला दोन कामे हवी असतात. हातातून मशीन सुटले तर त्याने ते धरून ठेवले पाहिजे. आणि कापलेला ओंडका मशीनला घेऊन खाली निघाला, तर त्या पट्ट्याने मशीन सोडून दिले पाहिजे, माणसाला मागोमाग ओढता कामा नये. तुझा दोर पहिले काम उत्तम करील आणि दुसरे कधीच करणार नाही.

हे थोडे हिशेबाने सांगतो, कारण तुला आकड्यांशिवाय पटत नाही हे मला शाळेपासून ठाऊक आहे. टॉप हँडलच्या नेहमीच्या पेट्रोल मशीनचे नुसते वजन साडेतीन ते चार किलो असते. बार (चेन जिच्यावरून फिरते ती लांब पट्टी), चेन, पेट्रोल आणि चेनचे तेल धरले की ते पाच किलोच्या घरात जाते. असे मशीन 1 मीटर खाली पडले आणि न ताणणाऱ्या दोराने त्याला 5 सेंटिमीटरमध्ये थांबवले, तर त्या क्षणी दोरावर सरासरी 100 किलोच्या आसपास ओढ येते. तेच मशीन रबरी लवचीक पट्ट्याने 40 सेंटिमीटर ताणत थांबवले, तर सरासरी ओढ 20 किलोच्या आत राहते. आता दुसरी बाजू पाहा. आंब्याचा 40 सेंटिमीटर जाडीचा, 1 मीटर लांबीचा ओला तुकडा 100 किलोच्या पुढेच भरतो. त्याच्या कापात बार अडकला आणि तुकडा पट्ट्याच्या लांबीइतका, म्हणजे मीटरभर, खाली गेला, की पडणाऱ्या मशीनच्या किमान वीसपट ऊर्जा त्या पट्ट्याच्या टोकाशी येऊन थांबते, आणि तुझा दोर न तुटल्यामुळे ती तुझ्या माणसाच्या कमरेत उतरते.

यासाठी येथे जे पट्टे वापरतात त्यांत मुद्दाम कमजोर ठेवलेला एक दुवा असतो. कुठे तो ठरावीक ओढीला उसवणाऱ्या शिलाईचा असतो, कुठे ठरावीक ओढीला उघडणाऱ्या कडीचा, तर कुठे बारीक दोरीच्या एका फासाचा. हा दुवा मशीनच्या झटक्याला टिकला पाहिजे आणि ओंडक्याच्या ओढीला लगेच सुटला पाहिजे. पट्टा ताणणारा नसेल, तर मशीन पडण्याचा झटकाच इतका मोठा असतो की दुवा नाइलाजाने मजबूत करावा लागतो, आणि मग तो वेळेवर सुटण्याची खात्री उरत नाही. लवचीक पट्ट्याने तो झटका लहान केला, की दुवा खरोखरच कमजोर ठेवता येतो. पुष्कळांना वाटते की आतले रबर केवळ पट्टा फांद्यांत अडकू नये म्हणून असते. तो फायदा आहेच, परंतु माझ्या मते झटका लहान करणे हेच रबराचे मोठे काम आहे. म्हणून घरी पट्टा तयार करण्याचा विचार तू सोडून द्यावास, हे मी आग्रहाने सांगतो. कोणती शिलाई किती किलोला उसवेल हे शिंप्याला विचारून ठरवता येत नाही.

आमच्या चमूतील एकाच्या बाबतीत हे घडलेले मी खालून पाहिले आहे. बीच नावाच्या झाडाचा शेंडा त्याच्या अपेक्षेपेक्षा आधी वळला, कापात बार चिमटला गेला आणि मशीन शेंड्याबरोबर गेले. पट्ट्याची शिलाई उसवली, तो झाडावर जागच्या जागी राहिला आणि मशीनचे तुकडे झाले. संध्याकाळी तो मशीनच्या किमतीवरून बराच वेळ चरफडत होता. मला तो सौदा फार स्वस्त वाटला.

आता पट्टा कुठे लावावा ते. चेनसॉच्या बाजूने पाहिले, तर टॉप हँडलच्या मशीनला मागच्या अंगाला याच कामासाठी केलेली एक कडी असते. पट्टा तेथेच लावावा. पुढच्या मुठीला बांधले की मशीन आडवे लोंबते आणि बारचे टोक मांडीकडे किंवा चढाईच्या दोराकडे वळते. मागच्या कडीतून टांगले की बार आपोआप खाली तोंड करून राहतो.

हार्नेसच्या बाजूने मामला अधिक नाजूक आहे. बाजूच्या ज्या मोठ्या कड्यांना तू दोर बांधला आहेस, त्या खोडाभोवती फिरवून स्वतःला स्थिर करण्याच्या दोरासाठी आहेत, म्हणजे माणसाचा भार घेण्यासाठी. हार्नेसचा पुढचा पूल, म्हणजे ज्यावर चढाईचा मुख्य दोर असतो तो समोरचा आडवा दुवा, तोही माणसासाठीच. ज्या भागांवर जीव टांगलेला असतो, त्यांच्यात मशीन अडकवू नये. कारण ओढ आली तर ती थेट तुमच्या जीवरक्षक साखळीत शिरते आणि एका बाजूने आल्यास कंबर पिळली जाते ते वेगळेच. मशीनसाठी कमरपट्ट्याच्या मागच्या भागात, उजव्या नितंबाच्या वर, वेगळी कडी किंवा पट्टीचा फास असतो. त्याबरोबर हार्नेसला काही बारीक प्लॅस्टिकचे किंवा दोरीचे फासही असतात, ते हातकरवत, प्रथमोपचाराची पिशवी अशा हलक्या वस्तूंसाठी. त्यांतला कोणता किती किलो पेलतो हे उत्पादकाच्या माहितीपत्रकात दिलेले असते. ते पत्रक खोक्याबरोबर फेकून दिले असशील तर पुन्हा मिळव.

उजवी बाजू म्हणण्याचे कारण असे की मशीनची मागची मूठ उजव्या हातात असते आणि चेनही त्याच अंदाजाने बसवलेली असते. डावखुरा माणूसदेखील चेनसॉ उजव्यासारखीच धरतो. स्थिर होण्याचा दोर जुळवण्याचे साधन डावीकडे ठेवले, तर दोन्ही गोष्टी एकमेकींच्या वाटेत येत नाहीत.

पट्ट्याला दोन लांब्या लागतात. चढताना, फांदीवरून फांदीवर जाताना किंवा दोर बदलताना मशीन आखूड टांगलेले असावे, म्हणजे त्याची कडी कमरपट्ट्याला लावलेल्या आकड्यात सरळ अडकवलेली, बार मागच्या बाजूला खाली. काम करताना तेच मशीन आकड्यातून काढून पूर्ण लांबीच्या पट्ट्यावर घ्यायचे. ही लांबी इतकी हवी की हात पूर्ण पसरूनही पट्टा ताणला जाऊ नये, आणि मशीन हातातून सुटलेच तर बार मांड्या आणि पोटऱ्या ओलांडून पावलांच्या खाली लोंबावा. तुझा दोर गुडघ्याशी संपतो. तेथे फिरती चेन येऊन थांबणे म्हणजे काय, याची कल्पना तुला मी देण्याची गरज नाही. चढणाऱ्यांसाठी पायाला सर्व बाजूंनी संरक्षण देणारी चेनसॉची पँट मिळते. केवळ समोरून अस्तर असलेली जमिनीवरच्या कामासाठी ठीक, झाडावर मात्र मागून लोंबणाऱ्या बारपुढे ती अपुरी पडते.

कमरेच्या मागे हत्यार टांगण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. नारळ काढणारे कमरेच्या दोरीला लावलेल्या आकड्यात कोयता अडकवून चढतात, आणि तो उलट्या हाताने, न बघता, काढतात व ठेवतात. तुझ्या दोन तरुणांपैकी एक जण पूर्वी नारळावर चढत असे असे तू लिहिले आहेस. त्याच्या हाताला ही जागा आधीच ठाऊक आहे, तो लवकर शिकेल. त्याला एवढेच पटवावे लागेल की कोयता आकड्यात ठेवला की थांबतो आणि चेनसॉ आपण थांबवावी लागते. मशीन आकड्यात जाण्यापूर्वी चेन ब्रेक, म्हणजे चेन जागीच रोखणारा ब्रेक, लागलेला असला पाहिजे, आणि जागा बदलायची असेल तर इंजिन बंदच. गरम सायलेन्सर दोराला टेकला तर दोर वितळू शकतो, म्हणूनही मशीन शरीरामागे, दोरांपासून दूर असावे.

मशीन प्रथम जमिनीवर सुरू करून गरम करून घ्यावे, मग बंद करून, चेन ब्रेक लावून, दोराने वर पाठवावे. माणूस झाडावर आपल्या जागी पोहोचल्यावर मुख्य दोराशिवाय दुसऱ्या स्वतंत्र दोराने बांधला गेल्याखेरीज मशीन सुरू करू नये, कारण ताणलेला दोर चेनच्या नुसत्या स्पर्शाने जातो. आत पोलादी तार असलेला दोर या दुसऱ्या बांधणीसाठी चांगला, तरीही तो चेनला पुरून उरतो असे कोणी समजू नये. तो फार तर क्षणभराची उसंत देतो.

तू बॅटरीच्या मशीनविषयीही विचारले आहेस. ती हलकी असतात आणि वस्तीत आवाज कमी होतो, हे खरे. परंतु पेट्रोलचे मशीन मागे लोंबत असताना सुरू असेल तर निदान ऐकू येते. बॅटरीचे मशीन चालू स्थितीत लोंबत असले तरी गप्प असते, आणि एखादी डहाळी किंवा दोराचा फास ट्रिगरमध्ये शिरला तर चेन फिरू लागते. त्याचे बटण प्रत्येक वेळी बंद करणे आणि ब्रेक लावणे ही सवय पक्की होईपर्यंत मी नव्या माणसाला ते देणार नाही.

मोठ्या खोडासाठी मागे मूठ असलेले जड मशीन वर न्यावे लागते, तेव्हा ते कमरेला टांगूच नये. अमेरिकेतील झाडकामाच्या सुरक्षा मानकात, झेड-133 मध्ये, 15 पौंडांहून म्हणजे 6.8 किलोहून जड मशीनला वेगळ्या दोराचा आधार द्यावा असे सांगितले आहे. मी त्याहून हलक्या मशीनलाही पुष्कळदा झाडावर वेगळा दोर देतो, कारण दिवसभर एका बाजूला लोंबणाऱ्या वजनाने कंबर धरते आणि थकलेला माणूस एका हाताने कापू लागतो. एका हाताने कापणे हा या मशीनचा सगळ्यात मोठा मोह आहे, आणि पट्टा आहे म्हणून तो वाढतो: सुटले तरी पडणार नाही, असे मन म्हणते. मशीन उसळले तर त्याला आवरण्यासाठी दुसरा हात लागतो. ते काम पट्ट्याचे नव्हे.

कापण्याच्या पद्धतीनेही पट्ट्यावरचा भार टाळता येतो. लहान आणि मध्यम तुकड्यांसाठी दोन बाजूंनी, थोडे अंतर ठेवून, एकमेकांना ओलांडणारे दोन काप घ्यावेत, मशीन बंद करून कमरेला अडकवावे आणि मग दोन्ही हातांनी तुकडा मोडून काढावा. अशा वेळी तुकडा सुटतो तेव्हा बार कापात नसतोच. हे हळू काम आहे, मान्य. घरमालक खाली उभा राहून घाई करीत असतो, हेही मान्य.

तपासणीविषयी थोडेच लिहितो. ब्रिटनमध्ये 1998 च्या नियमांप्रमाणे माणसाचा भार घेणारी साधने दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून तपासून घ्यावी लागतात. आम्ही त्याच वेळी मशीनचे पट्टेही काढून पाहतो. पेट्रोल, तेल, ऊन आणि तुमच्याकडची खारी हवा यांनी रबर मरते, आणि ताणून सोडल्यावर पट्टा पूर्ववत आखूड होत नसेल तर तो बदलावा. सुटणाऱ्या दुव्याची शिलाई किंचितही उसवलेली दिसली, तर त्यावर गाठ मारून काम भागवू नये. गाठ मारली की तो पुन्हा तुझ्या आजच्या दोरासारखा होतो.

पट्टे आणि आकडे मी येथून पाठवीन. दोघांसाठी दोन जोड आणि एक जादा. ते पोहोचेपर्यंत झाडावर हातकरवतीनेच काम करावे, कारण वादळात वाकलेल्या फांद्यांपैकी पुष्कळ तिने सहज निघतात. पार्सल आले की जमिनीपासून दोन हात उंचीवर, मशीन बंद ठेवून, दोघांनी आकड्यातून काढणे, हात लांब करणे, सोडून देणे आणि परत अडकवणे हे डोळे मिटून जमेपर्यंत करावे. आणि एक जण वर मशीन घेऊन असेल तेव्हा दुसऱ्याने, आपला हार्नेस अंगावर चढवून, गरज पडल्यास त्याच्या सुटकेसाठी खाली थांबावे. त्याला दुसऱ्या झाडावर पाठवू नकोस.

वहिनींना आणि काकांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
श्रीधर