चुकीच्या रकान्यातली उष्माधारकता

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या विज्ञान पुरवणीत थर्मोडायनॅमिक्सवर (उष्णता आणि ऊर्जेच्या शास्त्रावर) जो लेख आला त्यात इंटेन्सिव्ह (नमुना केवढाही घेतला तरी तेवढ्याच राहणाऱ्या) आणि एक्स्टेन्सिव्ह (नमुन्याच्या प्रमाणात वाढणाऱ्या) प्रॉपर्टीजचा दोन रकान्यांचा तक्ता दिलाय, डावीकडे तापमान, दाब, घनता, उजवीकडे वस्तुमान, आकारमान, अंतर्गत ऊर्जा, एन्ट्रॉपी. इथवर ठीक. पण उष्माधारकता आणि विशिष्ट उष्मा या दोन्ही डावीकडेच टाकल्यात आणि ही काही छपाईतली गडबड वाटत नाही, कारण खाली मजकुरात पण तेच लिहिलंय. १ किलो पाणी १ अंशानं तापवायला साधारण ४.१८ किलोज्यूल लागतात, १० किलोला ४१.८, म्हणजे उष्माधारकता दहापट झाली ना, मग ती सरळसरळ एक्स्टेन्सिव्ह. विशिष्ट उष्मा म्हणजे दर किलोमागे किती, तो आकडा पाणी कितीही घ्या तोच. पहिलीला उजवीकडे हलवा, दुसरी आहे तिथे बरोबर आहे.

तेवढंच असतं तर एका ओळीत कळवलं असतं. माझं म्हणणं असंय की हा विषय तक्त्यातून शिकवायचाच कशाला? परीक्षेत विचारतात म्हणून मुलं दोन याद्या पाठ करतात, आणि पाठ केलेली यादी अशीच कुठेतरी घसरते. त्यापेक्षा वस्तूचे मनातल्या मनात दोन सारखे भाग करा आणि एका भागाकडे बघा, आकडा निम्मा झाला तर एक्स्टेन्सिव्ह, होता तेवढाच राहिला तर इंटेन्सिव्ह, झालं. आणि दोन एक्स्टेन्सिव्ह राशींचा भागाकार केला की इंटेन्सिव्ह मिळते (वस्तुमान भागिले आकारमान म्हणजे घनता), कारण वरचंही निम्मं होतं आणि खालचंही. हे दोन शब्द अमेरिकन शास्त्रज्ञ रिचर्ड टोलमन यांनी १९१७ मध्ये वापरले.

लेखात असंही वाक्य आहे की "प्रत्येक गुणधर्म या दोनपैकी एका प्रकारात बसतो". नाही बसत. वस्तुमानाचं वर्गमूळ घ्या, वस्तू अर्धी केली की ते साधारण ०.७१ पट होतं, ना निम्मं ना तेवढंच. कुणी म्हणेल असलं वर्गमूळ कोण वापरतं, तर मग पाण्याचा थेंब घ्या. एक थेंब फुटून त्याचे दोन सारखे थेंब झाले तर एकेका थेंबाचा पृष्ठभाग निम्मा होत नाही, ०.६३ पट होतो, आणि पृष्ठभागाची ऊर्जा त्याच प्रमाणात. बादलीभर पाण्यात हा हिस्सा इतका किरकोळ की कुणी धरत नाही, पण १ मायक्रॉन त्रिज्येच्या थेंबात पृष्ठताणामुळे आतला दाब बाहेरच्यापेक्षा जवळपास १.४ वातावरण जास्त असतो, म्हणजे ज्याला आपण डोळे झाकून इंटेन्सिव्ह म्हणतो तो दाबसुद्धा तिथे थेंबाच्या साइजवर ठरायला लागला. पुस्तकातली विभागणी ढोबळ, मोठ्या आकाराच्या नमुन्यांसाठी आहे हे कुठेतरी सांगायला हवं होतं.

दुसरी एक गोष्ट लेखात अगदी ओझरती आली आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. उष्णता कुठून कुठे जाणार हे इंटेन्सिव्ह राशी ठरवते, एकूण ऊर्जा नाही. कपभर उकळत्या पाण्यापेक्षा समुद्रात अंतर्गत ऊर्जा अफाट जास्त, तरी कप समुद्रात ओतला तर उष्णता कपातल्या पाण्याकडून समुद्राकडे जाते, उलट कधीच नाही. थर्मोस्फिअरमध्ये, म्हणजे वातावरणाच्या अगदी वरच्या थरात, तापमान १००० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतं, पण हवा इतकी विरळ की साधा थर्मामीटर तिथे धरला तर तो तापणार नाही, रेणूंचा वेग भरपूर पण रेणूच मोजके. तापमान आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे अठराव्या शतकात जोसेफ ब्लॅक यांनी स्पष्ट करून दाखवलं आणि आपण अजून बातम्यांमध्ये दोन्ही एकच समजतो.

बातम्यांचं निघालंच आहे तर पावसाबद्दल. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर १ लिटर पाणी, म्हणजे पाण्याचं आकारमान भागिले क्षेत्रफळ. हा आकडा इंटेन्सिव्हच्या जातीचा, त्यामुळे दहा केंद्रांवरचे मिलिमीटर बेरीज करून "एकूण पाऊस" छापला तर त्या आकड्याला काही अर्थच नसतो. बेरीज लिटरची करा, मिलिमीटरची सरासरी काढा, आणि ती पण क्षेत्रफळाचा भार देऊन. तापमानाचं पण तेच, ८० अंशांचं १ किलो पाणी आणि २० अंशांचं ३ किलो पाणी मिसळलं तर (भांड्यानं खाल्लेली उष्णता सोडून द्या) ३५ अंश येतं, ५० नाही.

आता कुणी म्हणेल चला, एक्स्टेन्सिव्ह म्हणजे ज्याची सरळ बेरीज होते ते. तिथेही जपून. ५० मिली शुद्ध इथेनॉल आणि ५० मिली पाणी मिसळा, १०० मिली होत नाही, ९६-९७ मिलीच्या आसपास येतं. वस्तुमान मात्र तोळामासाही कमी होत नाही. मग आकारमान एक्स्टेन्सिव्ह नाही का? आहे, कारण टेस्ट वेगवेगळ्या दोन गोष्टी एकत्र करायची नाहीये, तेच मिश्रण, त्याच तापमानाला, त्याच दाबाला दुप्पट घ्यायचीये, आणि तसं केलं की आकारमान बरोबर दुप्पट होतं. लेखात "बेरीज होणाऱ्या राशी" एवढीच व्याख्या दिलीये, ती इथे तोंडघशी पडते.

इंटेन्सिव्ह असण्याचा उपयोग काय असं मुलं विचारतात त्यांच्यासाठी एक उदाहरण देता आलं असतं. बर्फ, पाणी आणि वाफ तिन्ही एकत्र समतोलात असतात ती अवस्था फक्त २७३.१६ केल्विन आणि साधारण ६११.७ पास्कल दाबालाच येते, मग बर्फ चिमूटभर असो की मूठभर. गिब्जचा फेज रूल (समतोल न मोडता किती इंटेन्सिव्ह राशी मोकळेपणानं बदलता येतात ते सांगणारा नियम) लावला तर एक घटक वजा तीन अवस्था अधिक दोन म्हणजे शून्य, बदलायला काही मोकळीकच नाही. म्हणून २०१९ पर्यंत केल्विनची व्याख्या याच बिंदूवर होती, जगातल्या कुठल्याही चांगल्या लॅबनं ठरलेल्या प्रतीचं शुद्ध पाणी घ्यावं आणि स्वतः तो बिंदू गाठावा. किलोग्रॅमचं मात्र त्याच वर्षापर्यंत पॅरिसजवळ ठेवलेल्या एका प्लॅटिनम-इरिडियमच्या ठोकळ्यावर अडलेलं, बाकीच्यांकडे त्याच्या प्रती, आणि शंभरेक वर्षांत त्या ठोकळ्यात आणि प्रतींमध्ये ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास फरक पडत गेला. शुद्ध प्लॅटिनम कुणीही बनवेल, पण "एक किलो" म्हणजे नेमकं किती हे नुसत्या पदार्थाकडे बघून कसं कळणार?

तेव्हा दुरुस्ती छापालच, पण लेखाचा पुढचा भाग येणार असेल तर लेखकांना ताऱ्यांबद्दल लिहायला सांगा. तिथे गुरुत्वाकर्षणामुळे अर्धं-दुप्पट करायची टेस्टच कोलमडते, घनता तीच ठेवून गोळ्याचं वस्तुमान दुप्पट केलं तर त्याची गुरुत्वीय ऊर्जा दुप्पट नाही, जवळपास ३.१७ पट होते, आणि असा तारा ऊर्जा बाहेर टाकत आकसला की थंड व्हायच्या ऐवजी आतून आणखी तापतो.

आपला,
एक नियमित वाचक