‘पत्र्याची शेड’ नव्हे, चर्च

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत इंग्लंडच्या प्रवासावरील लेखासोबत चेशर परगण्यातील हॅसल ग्रीन या गावच्या सेंट फिलिप चर्चचे छायाचित्र होते. त्याखाली ‘गावातील पत्र्याची शेड’ एवढीच ओळ छापली होती. मी जवळच स्टोक-ऑन-ट्रेंटला राहतो आणि ही गुलाबी इमारत माझ्या नेहमीच्या पाहण्यातली आहे, म्हणून हा खुलासा.

आपल्याकडे पत्रा म्हटला की गोदाम किंवा पावसाळ्यापुरता केलेला आडोसा डोळ्यांपुढे येतो, त्यामुळे ही चूक समजण्यासारखी आहे. मात्र लंडनच्या गोदीत काम करणारे अभियंते हेन्री पामर यांनी १८२९ मध्ये पन्हळी पत्र्याचे पेटंट घेतले, तेव्हा ती नव्या युगाची सामग्री होती. पातळ पत्र्याला पन्हळी पाडल्या की तो वजन न वाढता कितीतरी अधिक भार पेलतो. पुढे १८३७ च्या सुमारास त्यावर जस्ताचा मुलामा देण्याची रीत आली आणि गंजाची चिंता बरीच कमी झाली. बॅलमोरल येथे राणी व्हिक्टोरियाच्या पतीने १८५१ मध्ये नृत्यशाळेसाठी हाच पत्रा निवडला होता, तेव्हा ही केवळ गरिबाची सोय होती असेही म्हणता येत नाही.

खाणी, कारखाने आणि रेल्वे यांभोवती वस्त्या झपाट्याने वाढत होत्या आणि दगडी चर्चसाठी लागणारा पैसा व वेळ त्या लोकांजवळ नव्हता. अशा वेळी चर्च चक्क छापील सूचिपत्रातून मागवता येई. डेव्हिड रोवेल या कंपनीच्या १९०१ च्या सूचिपत्रात ४०० माणसे बसतील असे चर्च, नजीकच्या रेल्वे स्थानकापर्यंत पोहोचवून आणि ग्राहकाने घातलेल्या पायावर उभे करून, ३६० पौंडांत देऊ केले होते. लाकडी सांगाडा, बाहेरून पत्रा, आतून फळ्यांचे अस्तर, असा त्या चर्चांचा साधारण घाट असे. पाऊस कोसळू लागला की आत प्रवचन ऐकू येणे कठीण, हे मात्र मान्य केले पाहिजे.

ही बांधकामे बहुधा तात्पुरती म्हणूनच केली जात, हे खरे आहे. पण सेंट फिलिपचे महत्त्व नेमके त्यातच आहे. हे चर्च १८८३ मध्ये शेजारच्या ॲल्सेजर गावात उभे राहिले आणि १८९५ मध्ये तेथून हलवून हॅसल ग्रीनला आणले गेले. दगडी चर्चच्या बाबतीत असे काही मनातही येणार नाही. विल्यम मॉरिस यांनी १८९० मध्ये अशा पत्र्याच्या चर्चांवर, ती साथीसारखी देशभर पसरत आहेत, अशी टीका केली होती. जुन्या वास्तूंच्या जतनासाठी झटणाऱ्या मॉरिस यांना जे डोळ्यांसमोर नको होते, तेच चर्च आज इंग्लंडच्या संरक्षित वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत दुसऱ्या श्रेणीत नोंदलेले आहे. यादी करणाऱ्यांनी पत्र्याचा बाऊ केला नाही, याचे मला विशेष वाटते.

पुढील पुरवणीत छायाचित्राखालील ओळ दुरुस्त करून चर्चचे नाव व १८८३ आणि १८९५ ही दोन्ही वर्षे द्यावीत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, स्टोक-ऑन-ट्रेंट