उधळपट्टी म्हणतोस ती

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. इंग्लंडमधल्या कोलब्रुकडेलजवळच्या लोखंडी पुलाला ‘नुसती उधळपट्टी’ म्हणून तू मोकळा झालास, ते मला पटलं नाही. लोखंड जास्त आहे हे कबूल. ३०.६ मीटरच्या गाळ्याला, म्हणजे दोन टेकूंमधल्या अंतराला, सुमारे ३७८ टन बीड (ओतीव लोखंड)! पण १७७९ साली हिशेब मांडायचा कशावरून? एवढा मोठा बीडाचा पूल तोवर कुणी उभाच केला नव्हता. सेव्हर्न नदीत होड्यांची वर्दळ, त्यामुळे मधे खांब नको. एकाच कमानीत पैलतीर गाठायचा.

आराखडा थॉमस प्रिचर्डचा. गडी मूळचा सुतारकामातला, आणि ते पुलात पदोपदी दिसतं. एका तुकड्याचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवायचं, वरून पाचर ठोकायची. कुठे डव्हटेलचा, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारखा पसरत गेलेला सांधा. सगळं लाकडाचं तंत्र, फक्त माल बीडाचा. रिव्हेट नाहीच, कमानीच्या माथ्याशी तेवढे बोल्ट. त्यातही गंमत अशी, की एकाच जातीचे मोठे भागही मापाने तंतोतंत सारखे नाहीत. जो तुकडा जिथे बसायचा, तिथल्या मापाने तो ओतलेला.

प्रिचर्ड १७७७ च्या डिसेंबरात वारला. पुढचा सगळा भार तिसऱ्या अब्राहम डार्बीवर पडला. तिशीही न गाठलेला हा कारखानदार. पाच टनांहून जड असे अर्धकमानीचे तुकडे त्याने चढवले कसे, हे कोडं दोनशे वर्षं सुटलं नव्हतं. १९९७ साली स्टॉकहोममध्ये एलियास मार्टिन या स्वीडिश चित्रकाराचं एक जलरंगचित्र सापडलं, त्यात नदीत उभारलेला लाकडी सांगाडा स्पष्ट दिसतो. खर्च मात्र अंदाजाच्या पार पुढे गेला आणि डार्बी मरेपर्यंत कर्जातून बाहेर आला नाही. उधळपट्टी झालीच असेल, तर ती त्याच्या पैशाची!

बरं, १७९५ च्या महापुरात सेव्हर्नवरच्या कितीतरी दगडी पुलांची दुर्दशा झाली. हा जागचा हलला नाही. पाण्याला अडवायला भिंतच नाही, जाळीतून लोंढा निघून गेला. पुढे त्रास दिला तो काठांनी. ते आत सरकत राहिले, दक्षिणेकडचं दगडी बांधकाम १८०२ मध्ये उतरवावं लागलं, आणि १९७० च्या दशकात नदीच्या तळाशी काँक्रीट घालून दोन्ही पायथ्यांना एकमेकांपासून टेकू द्यावा लागला. बीडाची यात काय चूक?

सांध्याची आकृती सोबत पाठवतोय. पाचर नीट बघ, मग काय ते लिही.

तुझा,
श्रीधर