धाकटीची रायफल आणि हलकी काडतुसे

मॅडिसन, विस्कॉन्सिन
दि. २ नोव्हेंबर

प्रिय बापू,

स. न. वि. वि.

तुझे पत्र मिळून तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला खरा, पण तू विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला ऑक्टोबरातले मुलांच्या शिकारीचे ते दोन दिवस उलटून जाणे आवश्यक होते. "बारा वर्षांच्या पोरीच्या खांद्याला हरणाची रायफल लावतोस, तुझे डोके ठिकाणावर आहे का?" असे तू विचारलेस. मुलांना एअर रायफल शिकवण्यात ज्याची वीस वर्षे गेली, त्याने हे विचारावे हे योग्यच आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

आपले एन.सी.सी.चे शिबिर तुला आठवत असेलच. चार दिवस पॉइंट टू-टूची हलकी रायफल चालवून आपण स्वतःला अर्जुन समजू लागलो होतो आणि पाचव्या दिवशी हातात थ्री-नॉट-थ्री आली. दस्त्याच्या टोकाला ती पितळी पट्टी, आणि आपण पडलो हाडकुळे. तू सदऱ्याच्या आत पंचा दुमडून घातला होतास, तरी रात्री खांदा जांभळा झाला होता. पहिली गोळी आपल्या दोघांचीही बरी लागली होती, तिसरीपासून मात्र आपण चाप ओढायच्या आधीच डोळे मिटत होतो, आणि हवालदार साहेब आईबहिणीचा उद्धार करत होते. माझे सगळे म्हणणे त्या तिसऱ्या गोळीविषयी आहे.

चार वर्षांपूर्वी थोरल्याच्या बाबतीत मी तीच चूक केली. इथल्या एका अनुभवी गृहस्थांनी मला सांगितले होते की मुलाला पहिल्यापासूनच खरी रायफल द्यावी, म्हणजे तो लवकर तयार होतो, आणि मी ते प्रमाण मानले. थोरल्याला मी माझी मोठी रायफल, थर्टी-ऑट-सिक्स, दिली. साडेसात पौंडांच्या रायफलीतून १८० ग्रेनची, म्हणजे पावणेबारा ग्रॅमच्या आसपासची, गोळी सोडली की मागे येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा वीस फूट-पौंडांच्या (धक्का मोजायचे इथले माप) घरात जाते. आपल्या त्या थ्री-नॉट-थ्रीचा हिशोब मी नंतर मांडून पाहिला, तर तो बारापर्यंतसुद्धा पोहोचत नाही, कारण ती रायफल जड आणि गोळीचा वेग कमी. म्हणजे ज्या धक्क्याने आपण अठराव्या वर्षी कळवळलो, त्याच्या पावणेदोन पट धक्का मी अकरा वर्षांच्या पोराला दिला. पोरगे शहाणे, तक्रार केली नाही. मोसमात त्याने एका हरिणीवर नेम धरला आणि चाप ओढताना डोळे मिटले. गोळी पोटात लागली. आम्ही अंधार पडेपर्यंत विजेरी घेऊन रक्ताचे थेंब शोधत होतो, आणि ती सापडली दुसऱ्या दिवशी सकाळी, नाल्याच्या काठाला. त्यानंतर थोरल्याने रायफलीला हात लावलेला नाही. त्याबद्दल मी त्याला एका शब्दानेही विचारलेले नाही, कारण दोष त्याचा नव्हता.

धाकटीने यंदा स्वतःहून विषय काढला, तेव्हा मी आधी कागद-पेन्सिल घेतली. धक्का ठरतो चार गोष्टींवर: गोळीचे वजन, तिचा वेग, काडतुसात भरलेल्या बंदुकीच्या दारूचे वजन आणि रायफलीचे वजन. लोक दारूचे वजन विसरतात. पण जळलेली दारूसुद्धा नळीच्या तोंडातून वेगानेच बाहेर पडते आणि तिचाही वाटा खांद्यालाच सोसावा लागतो. रायफल जड करावी तर पोरीला ती पेलत नाही. उरतात गोळी, वेग आणि दारू, आणि ही तिन्ही काडतूस घरी भरणाऱ्याच्या हातात असतात.

रायफल निवडली ती सेव्हन एमएम झिरो-एट. .३०८ विंचेस्टर या जुन्या काडतुसाच्याच पितळी टरफलाचे तोंड आवळून हे काडतूस झाले. रेमिंग्टनने ते १९८० मध्ये बाजारात आणले. मुलांसाठी इथे बहुतेक लोक .२४३ विंचेस्टर घेतात, तेही १९५५ पासून त्याच टरफलातून आलेले भावंड, आणि त्याचा धक्का मुळातच कमी. ते वाईट नाही. पण त्याची गोळी बारीक आणि हलकी असल्यामुळे, नेम थोडा इकडेतिकडे झाला तर ती कमी माफ करते, असे माझे मत आहे. शिवाय सेव्हन एमएममध्ये आज हलकी काडतुसे घालता येतात आणि पोरगी सोळाची झाली की त्याच रायफलीत पूर्ण ताकदीची. दस्ता मात्र मुलांच्या मापाचा घेतला. मोठ्यांच्या दस्त्याची चापापासून खांद्यापर्यंतची लांबी साडेतेरा इंचांच्या आसपास असते. तिच्या दस्त्याची साडेबारा आहे आणि टोकाला जाड रबरी गादी आहे. दस्ता लांब असला की मूल मागे रेलते, आणि मग हलका धक्कासुद्धा त्याला ढकलून देतो. हे तुला मी काय सांगावे.

आता दारूविषयी. काडतूस हलके करायचे म्हणजे हाताला येईल ती दारू थोडी कमी घालायची, असा समज असेल तर तो जिवावर बेतू शकतो. सावकाश जळणारी दारू ठरावीक मापापेक्षा फार कमी भरली, तर ती कधी नीट पेटत नाही आणि गोळी नळीतच अडकून बसते, तर कधी उलट दाब अचानक इतका चढतो की रायफलच फुटते. हॉजडन कंपनीची एच ४८९५ ही दारू मात्र कमी मापातही नेमाने जळते, म्हणून तिच्यासाठी कंपनीनेच नियम छापला आहे: ज्या काडतुसासाठी पुस्तिकेत या दारूचे कमाल माप दिले आहे, त्याच्या साठ टक्क्यांपर्यंत खाली यावे, त्याखाली नाही. मुलांसाठीच्या मापांचा वेगळा तक्ताही ते देतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी शिल्लक दारू विकत घेऊन ब्रूस हॉजडन यांनी जो धंदा उभा केला, त्याची सुरुवातच ४८९५ पासून झाली होती. ग्रेनचे आकडे मी मुद्दाम लिहीत नाही. ते पुस्तिकेतून, त्याच गोळीच्या नावापुढचे पाहून घ्यायचे असतात; कुणाच्या पत्रातून उचलायचे नसतात.

तळघरातल्या टेबलावर शुक्रवारी संध्याकाळी धाकटी माझ्या शेजारी स्टुलावर बसायची. ग्रेन म्हणजे काय हे तिला समजावताना मला गुजरीतला सोनार आठवला. त्याची एक गुंज म्हणजे साधारण दोन ग्रेन, आणि आम्ही ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलतो. पन्नास टरफले लाकडी ठोकळ्यात उभी करून, प्रत्येकात दारू ओतून झाली की गोळ्या बसवण्यापूर्वी विजेरीचा झोत प्रत्येक टरफलाच्या तोंडात टाकायचा आणि सगळ्यांची पातळी सारखी आहे ना ते पाहायचे, हे काम तिचे. एकदा तिने "बाबा, ही रिकामी" म्हणून एका टरफलावर बोट ठेवले. खरोखरच ती ओळीतली सदतिसावी राहून गेली होती, कारण मधेच फोन वाजला होता. त्या दिवसापासून फोन वरच्या मजल्यावर. या दारूचा आणखी एक गुण असा की ती टरफल अर्ध्याहून अधिक भरते. चुकून दोनदा ओतलीच तर बाहेर सांडते आणि चूक डोळ्यांना दिसते.

१२० ग्रेनची गोळी, वेग सेकंदाला तेवीसशे फुटांच्या आसपास. सात पौंडांच्या रायफलीत धक्का येतो सात फूट-पौंडांच्या जरा वर. त्याच रायफलीत पूर्ण ताकदीचे काडतूस घातले तर तो चौदा होतो. अर्ध्यावर आला, आणि आपल्या थ्री-नॉट-थ्रीपेक्षा पुष्कळच कमी. पण याची किंमत मोजावी लागते. हरणाची गोळी आत गेल्यावर फुलली पाहिजे, आणि बहुतेक गोळ्यांना त्यासाठी सेकंदाला अठराशे फुटांच्या आसपास वेग लागतो. म्हणून लवकर फुलणारी मऊ टोकाची गोळी घेतली आणि अंतराची मर्यादा घातली ती ७५ यार्ड. पुढे हरीण कितीही देखणे उभे असले तरी रायफल उचलायची नाही. रायफलीवरची दुर्बीणही नव्याने जुळवावी लागली, कारण पूर्ण ताकदीच्या काडतुसाला जुळवलेल्या काचेतून ही गोळी पन्नास यार्डांवर तीन बोटे खाली लागत होती.

यातली खरी गोष्ट मला फार उशिरा कळली. हरणावर गोळी झाडताना धक्का कुणालाच जाणवत नाही. छातीत इतके धडधडत असते की खांदा कुठे आहे हेही आठवत नाही. नुकसान होते ते त्याआधी, सरावाच्या बाकावर, जिथे हरीण नसते, फक्त कागद असतो आणि पुढचा धक्का कधी येतो याची वाट पाहणारे मूल असते. हलकी काडतुसे मी भरली ती त्या सरावासाठी. शिकारीलाही तीच वापरली, कारण सराव एका काडतुसाचा आणि शिकार दुसऱ्याची, असे मला चालणार नव्हते. उन्हाळाभर तिने पॉइंट टू-टूच जास्त चालवली. सेव्हन एमएमच्या गोळ्या एका बैठकीला दहाच्या वर कधी नाहीत, आणि त्यांतही मधे मधे मी गुपचूप एखादे खोटे काडतूस घालत असे. चाप ओढल्यावर बार झाला नाही आणि नळी तरीही हलली, तर तिचे तिलाच कळायचे. आवाजाचीही तितकीच काळजी घेतली: कानात बोळे आणि वर कान झाकणारे मफ. मुले धक्क्याला घाबरतात असे आपण म्हणतो, पण निम्मी भीती आवाजाची असते. धक्का कमी करायला नळीच्या तोंडाला छिद्रांचे टोपण लावतात, ते मी याच कारणाने टाळले. त्याने खांदा वाचतो पण कान फाटतात.

इथे ऑक्टोबरात सोळा वर्षांखालील मुलांसाठी दोन दिवसांची वेगळी शिकार असते. मोठ्याने सोबत राहायचे आणि दोघांनीही झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी घालायचे. १ जानेवारी १९७३ नंतर जन्मलेल्याला सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, तो तिने उन्हाळ्यातच केला. पहिल्या सकाळी एक हरिणी आली, पण तोंड आमच्याकडे करून उभी राहिली. धाकटीने मान हलवून नाही म्हटले आणि रायफल मांडीवर ठेवली. मला वाटले होते की समोरून झाडू नये हे मला सांगावे लागेल.

दुसऱ्या संध्याकाळी एक तरुण नर मक्याच्या कडेने आला आणि साठ पावलांवर आडवा झाला. ती किती वेळ नेम धरून होती ते मला सांगता येणार नाही, पण मी तिच्याकडे पाहत होतो, हरणाकडे नाही. बार झाला तेव्हा तिचे डोळे उघडे होते. हरीण चाळीसेक पावले धावले आणि खाली बसल्यासारखे पडले. जवळ गेल्यावर ती त्याच्या कानावरून बराच वेळ हात फिरवत राहिली, थोडी रडलीही, आणि मग विचारले, "बाबा, आवाज झाला का?" खांद्याचे नावही नाही. हरणांच्या मेंदूचा एक रोग, सीडब्ल्यूडी, या राज्यात २००२ पासून आहे, म्हणून नमुना तपासायला दिला आहे आणि अहवाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये पडून आहे.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ज्या गावात कुणाला शिकारी म्हणून मिरवता येत नाही, तिथे बसून हे वाचताना तुला काय वाटेल याची मला कल्पना आहे. त्यावर भेटीत वाद घालू, मी तयार आहे.

तूर्त एक काम कर. तुझी मुले कोऱ्या भिंतीकडे तोंड करून बिनगोळीचा जो सराव करतात, तो आठवड्यात किती दिवस आणि एका वेळी किती मिनिटे, ते मला लिहून पाठव. हिवाळ्यात इथे बाहेर पडता येत नाही, आणि धाकटीने तळघरातली एक भिंत आत्ताच रिकामी करून ठेवली आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
नाना